निदान दोन तास तरी: डार्विनच्या चाळीस वर्षांच्या दुखण्याचा प्रकरण अभ्यास

ज्यांच्या कपाटात स्वतःच्या रिपोर्टांची जाडजूड फाईल आहे आणि त्या फाईलीतला प्रत्येक कागद ‘नॉर्मल’ म्हणतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझीही अशी एक फाईल आहे. रक्त, लघवी, थायरॉइड, सोनोग्राफी, दोनदा एन्डोस्कोपी, एकदा मेंदूचा एमआरआय. दुखण्याच्या सातव्या वर्षी एका डॉक्टरांनी ती न उघडताच हातावर तोलली आणि विचारलं, “टेन्शन घेता का हो फार?” तोवर घेत नव्हते. त्या दिवसापासून घ्यायला लागले.

त्यानंतर मी डार्विन वाचायला घेतला, आणि तो उत्क्रांतीसाठी नव्हे, उलट्यांसाठी. त्याची पत्रं, मुलाने लिहून ठेवलेल्या आठवणी, घरच्यांसाठी लिहिलेलं छोटंसं आत्मचरित्र, कुठेही हात घाला, हा माणूस आजारी असतो. त्याचा मुलगा फ्रान्सिस म्हणतो की जवळजवळ चाळीस वर्षं वडिलांना चारचौघांसारखा धड तब्येतीचा एक दिवसही मिळाला नाही.

मराठीत ‘निदान’ हा शब्द दोन कामं करतो. एक डॉक्टरांचं: रोगाला नाव देणं. दुसरं आपलं, रोजचं: निदान चहा तरी घे, निदान फोन तरी कर. डार्विनला पहिलं निदान आयुष्यभर मिळालं नाही. दुसऱ्यावर त्याने चाळीस वर्षं काढली. ती कशी काढली आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढाच या केसपेपरचा विषय.

पूर्वेतिहास

पुरुष, जन्म १२ फेब्रुवारी १८०९, गाव श्रूझबरी, इंग्लंड. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर. सोळाव्या वर्षी त्यालाही एडिंबरोला वैद्यक शिकायला धाडलं. क्लोरोफॉर्म यायला अजून वीसेक वर्षं होती. एका लहान मुलावर शुद्धीत चाललेली शस्त्रक्रिया त्याला शेवटपर्यंत बघवली नाही. मधूनच उठून पळाला आणि पुन्हा तसल्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. डॉक्टरकी सुटली. वडिलांच्या वैद्यकीय अंदाजावर मात्र त्याचा अपार विश्वास राहिला.

पहिली तक्रार बाविसाव्या वर्षी. १८३१ सालचे शेवटचे महिने, प्लिमथ बंदर, बीगल जहाज सुटण्याची नुसती वाट बघत मुक्काम. छातीत धडधड, हृदयापाशी दुखणं. आपल्याला हृदयविकार जडलाय अशी त्याची खात्रीच झाली. तरी डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर ‘जाऊ नकोस’ म्हणाला असता. नोकरी जाईल या भीतीने दुखणं लपवणाऱ्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

२७ डिसेंबरला जहाज सुटलं. बोट लागण्याचा त्रास त्याला अखेरपर्यंत झाला, पण जमिनीवर उतरला की हाच माणूस घोड्यावरून शेकडो मैल जायचा, अँडीज चढायचा. १८३४ मध्ये चिलीतल्या वाल्पाराइसोला मात्र एका शाळासोबत्याच्या घरी त्याने महिनाभर अंथरूण धरलं. दोष एका कच्च्या दारूला दिला.

१८३६ च्या ऑक्टोबरात परतला आणि वर्षभरात धडधड पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले, काम सोड, खेड्यात जा. १८३९ मध्ये लग्न झालं. १८४२ च्या सप्टेंबरात बायकोमुलांसह लंडन सोडून पंचवीसेक किलोमीटरवरच्या केंट परगण्यातल्या डाउन गावी राहायला गेला. वय ३३. मरेपर्यंत घर तेच.

मध्ये १८४१ सालचं एक पत्र आहे, भूगर्भशास्त्रज्ञ लायलला लिहिलेलं. वडिलांना काही मी एवढ्यात धडधाकट होईन असं दिसत नाही, असं सांगून तो लिहितो की शर्यत बलवानांचीच असते हे पचवणं जड गेलं. आता माझ्या हातून फार काही व्हायचं नाही, इतरांनी विज्ञानात मारलेल्या मजलांचं कौतुक करत बसावं लागणार. शर्यत बलवानांची! हे कोण म्हणतंय बघा. आणि कधी? एका टेकडीएवढ्या कल्पनेच्या वह्या टेबलाच्या खणात पडलेल्या असताना.

तक्रारी, रुग्णाच्याच शब्दांत

१८६५ च्या मे महिन्यात जॉन चॅपमन नावाच्या नव्या डॉक्टरला दाखवताना डार्विनने स्वतःच्या लक्षणांचं टिपण केलं. माझ्या मते कुठल्याही जुनाट रुग्णाने हे एकदा वाचावं, नव्या डॉक्टरकडे जाताना काय आणि कसं लिहून न्यावं यासाठी. वय ५६-५७. पंचवीस वर्षं रोज, रात्रंदिवस पोटात वाताचे जोरदार झटके. अधूनमधून उलट्या, दोन वेळा तर त्या महिनोन् महिने चालल्या. उलटीच्या आधी हुडहुडी, अनावर रडू, आता जीव जातो की काय असं वाटणं किंवा अर्धवट शुद्ध हरपणं, आणि भरपूर, पाण्यासारखी पांढुरकी लघवी. कानात आवाज, हवेवर चालल्यासारखे पाय, डोळ्यांपुढे काळे ठिपके. आणि याच यादीत, त्याच सुरात: बायको एमा बाहेर गेली की जीव घाबरा होतो.

त्यात इतर पत्रांमधून इसब, गळवं, डोकेदुखी, हातांची थरथर आणि मरगळ जोडायची.

या टिपणात ‘बहुतेक ॲसिडिटी असावी’ असं कुठेही नाही. काय होतं, कधी होतं, कशाआधी होतं, एवढंच. रडूसुद्धा त्याने लक्षण म्हणून लिहिलं, लाज म्हणून गाळलं नाही. आपण बायका नेमकं तेच गाळतो, कारण रडण्याचा उल्लेख झाला की उरलेली यादी कुणी वाचत नाही हे आपल्याला ठाऊक असतं.

दिसायला तो ठणठणीत होता, ही आणखी एक आफत. उंच, तांबूस चेहऱ्याचा. १८४५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकरला त्याने लिहिलं की गेल्या तीन वर्षांत पोट बिघडलं नाही असा पुरा दिवस, किंवा खरं तर पुरी रात्र, गेलेली नाही. आणि बऱ्याच मित्रांना वाटतं की हा आपला दुखण्याचा छंद आहे. दुसऱ्या एका पत्रात तो म्हणतो, सगळे सांगतात की मी कसा टवटवीत, देखणा दिसतो. बहुतेकांना हे ढोंग वाटतं, पण तू कधी त्यांच्यातला नव्हतास. “अगंबाई, तू तर किती छान दिसतेयस!” हे वाक्य औषधाच्या रांगेत उभं असताना ऐकलेल्या प्रत्येकीला हूकर मिळो. एक पुरतो.

डॉक्टरांकडे काय होतं

फारसं काही नव्हतं. छातीला लावायची नळी १८१६ पासून होती. खिशात मावेल असा तापमापक १८६० च्या दशकात आला. रक्ताची तपासणी म्हणावी अशी काही नव्हती, जंतूंचा सिद्धांत अजून मांडला जात होता, क्ष-किरण डार्विनच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी सापडले. नाडी, जीभ, लघवीचा रंग आणि रुग्णाची कहाणी, इतक्यावर डॉक्टरने काय ते ठरवायचं. डार्विनला त्या काळी मिळू शकणारे उत्तमोत्तम डॉक्टर मिळाले. राणीच्या दरबारातले विल्यम जेन्नर होते, हेन्री बेन्स जोन्स होते. तरीही मदत तोकडीच पडली, कारण त्या शास्त्राची झोळीच तेवढी होती.

मग जे पुढे आलं ते त्याने करून पाहिलं. बिस्मथ घेतलं. पोटाला वीज लावून घेतली; पितळेच्या आणि जस्ताच्या तारांच्या साखळ्या व्हिनेगरमध्ये भिजवून अंगाला गुंडाळल्या. चॅपमनने पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवायला लावल्या. बेन्स जोन्सने खाणं इतकं तोडलं की हा जवळजवळ उपाशीच राहिला, आणि वर घोड्यावर बसायला सांगितलं.

सगळ्यांत मोठा प्रयोग पाण्याचा. १८४८ च्या नोव्हेंबरात वडील गेले आणि दुखण्यामुळे डार्विनला अंत्यसंस्काराला वेळेवर पोचताही आलं नाही. तो हिवाळा वाईट गेला. पुढे हूकरला कळवताना त्याने लिहिलं की तीन दिवसांतला एक दिवस काहीच करता येत नव्हतं, आपण आता चाललो असंच वाटत होतं. (हूकर तेव्हा सिक्कीमच्या बाजूला हिमालयात झाडं गोळा करत होता. इंग्लंडमधल्या पोटदुखीची बातमी घेऊन ते पत्र दार्जिलिंगच्या वाटेला लागलं.) १८४९ च्या मार्चमध्ये सगळं कुटुंब, नोकरचाकर घेऊन तो माल्व्हर्नला डॉ. जेम्स गली यांच्या जलोपचार केंद्रात गेला.

तिथली दिनचर्या त्याने बहिणीला कळवली आहे. पावणेसातला उठायचं. गार पाण्यात बुडवलेल्या खरखरीत टॉवेलने दोन-तीन मिनिटं घासून घ्यायचं. पाठ नोकर घासतो, पोट मी घासतो, आणि अंग शेवंडीसारखं लाल होतं. मग पेलाभर पाणी पिऊन वीस मिनिटं चालायचं. पोटाला दिवसभर ओल्या फडक्याची घडी, दर दोन तासांनी पुन्हा गार पाण्यात बुडवून. दुपारी मोहरी घातलेल्या गार पाण्यात पाय. साखर, लोणी, मसाले, चहा बंद. शिवाय गलीसाहेब दिवसातून तीनदा होमिओपॅथीची औषधं देत, जी हा आज्ञाधारकपणे आणि कणभरही श्रद्धा न ठेवता घेई.

आणि गंमत म्हणजे बरं वाटलं! वजन वाढलं, मैलोन् मैल चालायला लागला. सोळाएक आठवडे राहून घरी आला, डाउनच्या बागेत गार पाण्याची धार अंगावर घ्यायला खोपटं बांधून घेतलं, आणि बटलर पार्सलो अंग घासायच्या कामाला लागला. हळूहळू गुण ओसरला.

हा भाग मला फार ओळखीचा वाटतो. पहिल्या महिन्यात फरक, सगळ्यांना फोन, चौथ्या महिन्यात शांतता. माल्व्हर्नला बरं का वाटलं, याचं एक साधं कारण त्याच्याच पत्रात आहे: डोकं पूर्ण थांबलं, ज्यांच्यावर तो तेव्हा काम करत होता त्या बार्नेकलांचाही, म्हणजे खेकड्यांच्या जातकुळीतल्या कवचाच्या समुद्री प्राण्यांचाही, विचार सुटला. गार पाण्याचं श्रेय किती आणि सक्तीच्या सुट्टीचं किती, हे कुणी वेगळं काढून पाहिलं नाही.

१८५१ मध्ये दहा वर्षांची लाडकी ॲनी आजारी पडली. तिलाही माल्व्हर्नला गलींकडेच नेलं. २३ एप्रिलला ती तिथेच गेली. एमाचे दिवस भरत आले होते, तिला जाता आलं नाही. पुढची बारा वर्षं डार्विनने उपचारासाठी ते गाव टाळलं, दुसऱ्या गावांच्या जलोपचारांना गेला.

तब्येतीची वही

१ जुलै १८४९ ते जानेवारी १८५५, साडेपाच वर्षं, त्याने तब्येतीची रोजनिशी ठेवली. दिवस वेगळा, रात्र वेगळी. झटके किती आले, कोणता उपचार चालू होता, आणि बऱ्या दिवसापुढे आडव्या रेघा. महिना संपला की रेघांची बेरीज.

ज्याने कबुतरं, बार्नेकल, वेली, गांडुळं यांच्या नोंदींतून सृष्टीचा नियम काढला, त्याला स्वतःच्या पोटाच्या साडेपाच वर्षांच्या नोंदींतून काहीही नियम सापडला नाही. ‘सिम्प्टम डायरी ठेवा, ट्रिगर सापडेल’ असं ज्यांना सांगितलं जातं आणि ज्यांना सापडत नाही, त्यांनी स्वतःला फार बोल लावू नये. पण ती वही वाया गेली असंही नाही. कारण कळलं नाही, तरी माप कळलं: आपल्याला किती झेपतं.

त्या मापावर दिवस शिवला गेला. फ्रान्सिसने तो तासातासाने लिहून ठेवलाय. सकाळी छोटी फेरी, पावणेआठला नाश्ता. आठ ते साडेनऊ काम, हा दिवसातला सर्वांत चांगला वेळ. मग तासभर कोचावर पडून पत्रं किंवा कादंबरी, वाचणारं दुसरं कुणीतरी. साडेदहा ते बारा पुन्हा काम, आणि बारा वाजता बऱ्याचदा समाधानाने म्हणायचं, आज चांगलं काम झालं. घरामागच्या सँडवॉक या पायवाटेच्या फेऱ्या, मोजायला वाटेवर मांडलेले गारगोटीचे खडे, दर फेरीला एक लाथेने बाजूला. जेवण, वर्तमानपत्र, पत्रव्यवहार. तीनला वर जाऊन आडवं व्हायचं. साडेचार ते साडेपाच शेवटचं काम. रात्री एमाबरोबर बॅकगॅमन या फाशांच्या खेळाचे दोन डाव. साडेदहाला अंथरूण, आणि बऱ्याचदा झोप नाहीच.

बेरीज करा: खरं काम चार तास. त्यातही माणसं जपून. लंडनच्या सभांना किंवा घरच्या जेवणावळींना बसला की हुडहुडी आणि उलट्या यायच्या, म्हणून ते बंद. पाहुण्यांशी अर्धा तास जास्त बोललं तर रात्र जायची, म्हणून बोलण्याला घड्याळ. १८६० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डला त्याच्या सिद्धांतावर गाजलेला वाद झाला तेव्हा हा रिचमंडच्या एका जलोपचारगृहात होता. त्याआधी, २४ नोव्हेंबर १८५९ ला, ज्या दिवशी त्याचं उत्क्रांतीवरचं ते पुस्तक बाहेर आलं, तेव्हा यॉर्कशायरमधल्या इल्कलीला असाच उपचार घेत होता. त्याच मुक्कामात एक पाय हत्तीरोगासारखा सुजलेला, डोळे जवळजवळ मिटलेले, अंगभर पुरळ आणि आगीसारखी गळवं.

‘शक्ती उरलेली असतानाच थांबा’ हे आता दीर्घ थकव्याच्या रुग्णांना सांगितलं जातं. आधी उलटंच होतं. व्यायाम ठरवून वाढवत न्या, असं सांगत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तो सल्ला २०२१ मध्ये मागे घेतला आणि शक्तीचा जमाखर्च ठेवायला सांगितलं. डार्विनला तोच थकव्याचा आजार होता असं मी म्हणत नाही. एवढंच, की जमाखर्चाची वही त्याच्याकडे आधीच होती.

आणि तो काही संत नव्हता. तपकिरीचं व्यसन सुटेना म्हणून बरणी बाहेर हॉलमध्ये ठेवली, निदान उठून जावं लागेल. गोड सोडण्याच्या शपथा घ्यायचा. पण शपथ मोठ्याने म्हटली नसेल तर ती लागू नाही, असा त्याचा स्वतःपुरता कायदा होता.

सगळ्यांत वाईट काळ १८६३-६४ चा. महिनोन् महिने उलट्या, अंथरुणाला खिळलेला. खोलीत उबेला कुंडीत हॉपची वेल ठेवलेली होती. रात्रंदिवस दुसरं काही बघायलाच नव्हतं, तेव्हा तो वेलीचा शेंडा बघत राहिला. लक्षात आलं की शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरतो. उबदार दिवसात एका फेरीला सुमारे दोन तास. यातून वेलींवरचं एक अख्खं काम उभं राहिलं, १८६५ मध्ये छापूनही आलं. माझ्या मते ‘आजारपणाने मला अमुक शिकवलं’ छापाच्या शंभर भाषणांपेक्षा ही वेल मोलाची, कारण तिच्यात आजारपणाला धन्यवाद नाहीत. तो पडून होता, ती फिरत होती, त्याने वेळ लावली.

आत्मचरित्रात तो म्हणतो की दुखण्याने आयुष्यातली कित्येक वर्षं पुसून टाकली, पण समाजातल्या गर्दीपासून आणि करमणुकीपासून वाचवलं. पुसून टाकली, हा शब्द आधी येतो. बार्नेकलांच्या आठ वर्षांपैकी दोन वर्षं दुखण्यात गेली हेही त्याने मोजून ठेवलंय.

निदानांची रांग

तो जाऊन शंभरावर वर्षं झाली तरी डॉक्टर अजून येताहेत. १९५९ मध्ये जेरुसलेमचे परजीवीतज्ज्ञ सॉल ॲडलर यांनी चागासच्या आजाराचं नाव पुढे केलं. आधार भक्कम वाटतो: १८३५ च्या मार्चमधल्या एका रात्री अर्जेंटिनातल्या मेंडोसाजवळ बेंचुका नावाचे किडे त्याच्या अंगावर चढले होते आणि त्याने ते टिपूनही ठेवलंय. आपल्या ढेकणाचा हा लांबचा भाऊबंद, इंचभर लांब. चावण्याआधी चपटा, रक्त पिऊन टम्म गोल. पुढे इकिके बंदरात त्याने एक पकडून टेबलावर ठेवला आणि बोट पुढे केलं, तर माणसांच्या गराड्यात हा बहाद्दर सोंड काढून धावला. त्या एका जेवणावर चार महिने जगला. चागासचा परजीवी याच किड्यांमार्फत पसरतो. गोष्ट सुंदर आहे. अडचण अशी की छातीतली धडधड प्लिमथची, वाल्पाराइसोचं दुखणं किडा चावण्याच्या आधीचं, आणि शेवटच्या दहा वर्षांत पोट वाढत जाण्याऐवजी बरंच निवळलं.

मनोविश्लेषकांची वेगळी रांग. १९५४ मध्ये रँकिन गुड यांनी मूळ वडिलांवरच्या अबोध रागात शोधलं. १९९० मध्ये जॉन बोल्बींनी आठव्या वर्षी आई गेल्याच्या न बोललेल्या दुःखाकडे बोट दाखवलं. १९९७ मध्ये पॅनिक डिसऑर्डर. २००५ मध्ये वेल्समधल्या दोन संशोधकांनी दूध न पचण्याचा मुद्दा काढला: उलट्या जेवणानंतर दोनतीन तासांनी, आणि एमाच्या पाककृतींच्या वहीत दूध-साय जिकडेतिकडे. त्यानंतर आतड्यांना सूज आणणारा क्रोन्सचा आजार, चक्राकार उलट्या, पेशींतल्या मायटोकाँड्रियाचा दोष.

परजीवीतज्ज्ञाला किडा सापडला, मनोविश्लेषकाला बाप सापडला, दुधाच्या अभ्यासकाला दूध. यात कुणी खोटं बोलत नाही. रक्ताचा थेंबही हाताशी नसताना एका पुरुषाच्या पत्रांतून प्रत्येक जण आपापल्या विषयाचं खरं तेवढं उचलतो. जिवंत रुग्णाचंही याहून वेगळं होत नाही. पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो तर पोट, मानेच्या डॉक्टरांकडे गेलो तर मान. फरक एवढाच की डार्विनला प्रत्येक वेळी फी द्यावी लागत नाही.

मायटोकाँड्रियाचा अंदाज मला त्यातल्या त्यात रोचक वाटतो, कारण तो दोष आईकडून येतो आणि डार्विनच्या आजोळी, वेजवुडांकडे, दुखणाईत माणसं बरीच होती. यावरून एमाकडे यावं लागतं.

एमा

एमा वेजवुड ही डार्विनची मामेबहीण. मामाची मुलगी करणं आपल्याकडे महाराष्ट्रातही अनेक समाजांत रूढ आहे, तेव्हा वाचकांना यात नवल नाही. डार्विनला मात्र पुढे याची धास्ती बसली. दहा मुलं झाली, तीन लहानपणी गेली, उरलेल्यांत काही सतत आजारी. आपलं दुखणं आणि आपलं लग्न त्यांना भोवलं की काय, असं त्याला वाटे. १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांविषयी प्रश्न घालावा म्हणून त्याने खासदार जॉन लबॉक यांच्यामार्फत खटपट केली. संसदेने तो फेटाळला. (मायटोकाँड्रियाचंच कारण असेल तर ती धास्ती फुकट होती. ते बापाकडून मुलांत जात नाहीत, आणि एमाला ते तिच्या आईकडून मिळाले, वेजवुडांकडून नव्हे.)

लग्नाच्या तोंडावर एमाने त्याला लिहिलं होतं की आता मी तुझी सेवा करायला येईपर्यंत आजारी पडू नकोस. बिचारीचा शब्द अक्षरशः खरा झाला. १८३९ ते १८५६ दहा बाळंतपणं, आणि त्याच काळात नवऱ्याची शुश्रूषा. रात्री त्याच्याबरोबर जागणं, दुपारी वाचून दाखवणं, पाहुण्यांना कधी उठवायचं हे बघणं, तो जरा जास्त बोलला हे त्याला कळायच्या आधी ओळखणं. तिची स्वतःची डोकेदुखी होती. तिच्या तब्येतीच्या रेघा मात्र कुणी मोजल्या नाहीत.

शिवाय पैसा. वडिलांचा वारसा आणि वेजवुडांची चिनी मातीची भांडी. डार्विनने आयुष्यभर पगारी नोकरी केली नाही. चार तास काम करून भागणारं दुखणं चार तासांत भागतं, कारण उरलेले वीस तास कुणीतरी भरलेले असतात: पार्सलो, स्वयंपाकीण, माळी, एमा. अभ्यासिकेतच पडद्याआड बेसिन ठेवलेलं होतं, उलटीसाठी लांब जावं लागू नये म्हणून. ते रोज कोण धूत असेल, हे मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. शेतमजुरीला जाणाऱ्या किंवा आठ तास दुकानात उभं राहणाऱ्या बाईला हे दुखणं झालं असतं तर तिची वेल कुणी पाहिली असती? हा प्रश्न डार्विनवर आरोप म्हणून विचारत नाही. त्याच्या केसपेपरवर ‘उपचार’ या रकान्यात गली, चॅपमन, जेन्नर यांच्या वर एमाचं नाव लिहायला हवं, इतकंच.

टपालही त्या रकान्यात येईल. त्याची पंधरा हजारांवर पत्रं आज माहीत आहेत, येणारी-जाणारी मिळून. घराबाहेर न पडता त्याने त्यांतून जगभरची माहिती गोळा केली. कोचावर पडून पत्र लिहिता येतं, आणि उत्तर यायला आठवडे लागतात तोवर आडवं राहता येतं. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांना हे साधलेलं नाही.

१८८१ च्या अखेरीस दुखणं हृदयावर आलं, या वेळी निश्चित. १९ एप्रिल १८८२ ला, ७३ व्या वर्षी, डाउनच्या घरीच तो गेला. पोटाच्या आजाराचं नाव तोवर कुणीही सांगू शकलं नव्हतं. एमा आणखी चौदा वर्षं जगली.

बॅकगॅमनचा हिशोब मात्र लिहिलेला आहे. १८७६ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, एसा ग्रेला, डार्विन कळवतो की एमा बिचारी अवघे २,४९० डाव जिंकली आहे आणि मी, हुर्रे, हुर्रे, २,७९५. एकूण ५,२८५. रात्रीला दोन धरले तर अडीच हजारांवर रात्री, ज्या रात्री तो निदान फासे टाकण्याइतका बरा होता.